पाक रुस्लान यांची दहा बोटं

आमच्या जाकार्ताच्या ऑफिसात रुस्लान, आम्ही मानाने 'पाक' रुस्लान म्हणतो, एकवीस वर्षं फरशांचे नमुने सांभाळतात. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाकडे काही सरळ मागितल्याचं मला आठवत नाही. पंखा हवा असेल तर म्हणतात, "आज हवा जरा थांबल्यासारखी वाटते, नाही का?" मग आपण उठून पंखा लावायचा. मी त्यांच्या समोरच बसते, मला सवय आहे. इतरांना नाही. त्यामुळे मी इतरांवर चिडते, आणि मग त्यांच्यावरही.

ते नदीकाठच्या वस्तीत राहतात. खाली एक खोली, वर एक खोली, मधे अरुंद लाकडी जिना. त्यांची आई, एमाक, ब्याऐंशी वर्षांची, खालीच असते, कारण तिला जिना चढता येत नाही. पाणी येणार असलं की पाक रुस्लान तिला पाठीवर घेऊन वर नेतात. पाणी येणार हे त्या वस्तीत आधी कळतं. तिथली माणसं आपल्या डोक्यावरच्या आभाळाकडे बघतच नाहीत. वर डोंगरात किती पडला आणि बोगोरच्या बंधाऱ्याला पाणी कुठवर टेकलं, एवढंच विचारतात. वस्तीत कपडे वाळत असतात, आणि नदी दारातून आत येते.

ऐन फेब्रुवारीत, म्हणजे आमच्याकडच्या भर पावसाळ्यात, आमच्या साहेबबाई बू रेतनो यांनी आम्हा सगळ्यांना त्याच डोंगरातल्या एका बंगल्यावर नेलं. कशासाठी, तर एकोपा वाढावा म्हणून. शुक्रवारी रात्रभर पत्र्यावर पाऊस वाजत होता. शनिवारी सकाळी खेळ घेणारा तरुण, मास गलिह, गळ्यात शिट्टी घालून आला आणि त्याने सगळ्यांचे फोन एका बादलीत जमा केले. बंगल्यामागचा ओढा तोवर चहाच्या रंगाचा झाला होता. पाक रुस्लान त्याच्याकडे बघत उभे राहिले. खाली वस्तीत पोचायला त्याला दिवेलागणीपर्यंतचा वेळ होता.

"मास गलिह, पावसाचा जोर वाढलाय, नाही?" ते म्हणाले.

"मग काय पाक, भिजायलाच आलोय आपण."

"फोन ओले तर होणार नाहीत ना?"

"घट्ट झाकण आहे. बिनधास्त राहा."

ते बिनधास्त राहिले नाहीत. मागे येऊन माझ्याशेजारी उभे राहिले, आणि हळूच म्हणाले की एमाकला उचलू शकेल असा गल्लीत एकटा जुमाडी, आणि तो बाराला व्हॅन घेऊन निघतो तो रात्रीच परततो. तेव्हा अकरा वाजून गेले होते. आमची बस त्या दिवशी वेळेत खाली पोचणं शक्यच नव्हतं. सकाळभर तो रस्ता फक्त चढणाऱ्या गाड्यांसाठी ठेवतात.

तेवढ्यात खेळ सुरू झाला. उभी प्लास्टिकची नळी, तिला सगळीकडे भोकं. चौघांनी बोटांनी भोकं बुजवायची, पाचव्याने वरून पाणी ओतायचं, आतला चेंडू वर येईपर्यंत. वरून धो धो पाऊस, आणि आम्ही शहाणीसुरती माणसं मग्याने पाणी भरतोय. पाक रुस्लान यांची दहाही बोटं दहा भोकांवर.

"हलू नका हं, पाक," बू रेतनो मगा ओतत म्हणाल्या. "तुमच्यापायी हरू."

"नाही, नाही, बू. फक्त... माझा शेजारी बाराला कामावर निघतो."

"शनिवारीसुद्धा? कष्टाळू आहे." त्यांनी दुसरा मगा ओतला.

मी दात आवळून म्हटलं, "सरळ सांगा ना त्यांना."

"सांगितलं की."

"काय सांगितलंत? शेजारी निघतो. यातून त्यांनी काय समजायचं?"

"खेळ रंगलाय. सगळ्यांचा विरस कशाला?"

मी बोटं काढली. चार धारा सुटल्या, दोन बू रेतनोंच्या पांढऱ्या बुटांवर. त्या काही म्हणाल्या, मी ऐकलं नाही. बादलीचं झाकण उघडून पाक रुस्लान यांचा फोन आणला आणि त्यांच्यासमोर धरला. नळी रिकामी झाल्यावरच त्यांनी बोटं सोडली.

त्यांनी आधी एमाकला लावला. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"इथं लख्ख ऊन आहे. तू खेळ. लोक काय म्हणतील?"

"जुमाडीला सांगितलंस का?"

"जेवतोय तो. जेवत्या माणसाला कशाला त्रास?"

मला हसूही येईना. आई तशी आणि लेक तसा. बारा वाजायला अकरा मिनिटं होती. त्यांनी जुमाडीला फोन लावला, आणि सुरुवात केली, "जेवण झालं का? आणि बायको बरी?"

मी त्यांच्या दंडाला चिमटा काढला. वयाने मोठ्या माणसाला, हो. त्यांनी डोळे मिटले.

"जुमाडी, एमाकला उचल आणि वर ने. आत्ता. तिला विचारू नकोस. नको म्हणाली तरी उचल."

मग फोनमधून बराच वेळ नुसती खुडबुड. पावलं, जिन्याची करकर, आणि एमाक. "पोतं आहे का मी? ठेव खाली. कुणी सांगितलं तुला? रुस्लानने? माझ्याशी बोलू नको म्हणावं त्याला."

"पोचली वर," पाक रुस्लान म्हणाले. त्यांचा चेहरा कुणाला तरी मारून आल्यासारखा झाला होता. "घास तरी संपवू द्यायला हवा होता त्याला."

पाणी पाचलाच आलं, सातव्या पायरीपर्यंत. आमची बस तेव्हा उतारावरच्या रांगेत अडकलेली. पुढच्या बाकावर बू रेतनो ओल्या मोज्यांनी बसल्या होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. एमाक फोन घेत नव्हती, म्हणून पाक रुस्लान दर पंधरा मिनिटांनी जुमाडीच्या बायकोला लावत होते.

"अजून रागावली आहे का?" एवढंच विचारत होते. पाण्याचं एकदाही विचारलं नाही.