आबांचा घास राहिला

वाचन गटातल्या माझ्या बहिणींनो, आज दुपारपासून मन खात आहे, म्हणून लिहायला बसले.

मुखेडहून मुलगा, सून, नात आणि मी समुद्र बघायला आलो आहोत. सकाळी इथलं जहाजांचं संग्रहालय बघितलं. पूर्वी खिळे न ठोकता, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून जहाजं बांधायचे, असं एका पाटीवर लिहिलं होतं. शेजारी ती दोरीही ठेवली होती. मी अक्षर लावत लावत सगळ्या पाट्या वाचल्या.

मुलगा म्हणाला, "माय, परीक्षा देणार हाईस का? पोटात कावळे ओरडून राहिले."

खानावळीत जेवतानाही मी सुनेला जहाजांचंच सांगत होते. ताट संपत आलं तेव्हा नात म्हणाली, "आजी, आज आबांचा घास काढला न्हाईस?"

आमचे हे, म्हणजे तिचे आबा, गेल्यापासून पहिला घास त्यांच्या नावाने बाजूला काढल्याशिवाय मी कधी जेवले नाही. सून म्हणाली, "आत्याबाई, ताजी पोळी मागवते." पण उष्ट्या हाताने काढलेला घास चालत नाही.

बैल बांधायची दावी हे स्वतः वळायचे. संग्रहालयातल्या त्या दोरीपुढे मी इतका वेळ उभी होते, तरी त्यांची आठवण आली नाही.

उद्या घास काढीनच. पण डोळे मिटले की अजून जहाजंच दिसतात, आणि बघतच राहावंसं वाटतं. ज्यांचं माणूस गेलंय त्यांनी सांगा, असं वाटलेलं चालतं का?