पाटीवरची शेवटची ओळ

खमंग भाजणीचा वास आला की मला नारायण पेठेतलं ते पिठांचं दुकान आठवतं. यवतमाळहून शिकायला येऊन थोडेच महिने झाले होते. वर्गातला फळा सगळ्यांनाच धूसर दिसतो, अशी माझी समजूत होती. तरी इतरांना कळतं आणि मला नाही, म्हणजे मीच मठ्ठ, आता घरी परत जावं, असं मनाने घेतलं होतं. दुकानात शिरून मी विचारलं, "ताजी भाजणी कधी मिळेल?" मालकांनी मान वर न करताच सांगितलं, "पाटी लावलीय, वाचा." मी डोळे बारीक करून पुढे वाकले. एकही अक्षर लागेना, म्हणून परत फिरले, तर त्यांनी हाक मारली आणि स्वतःचा जाड चष्मा काढून माझ्यापुढे धरला. "हा लावून वाचा." पाटीवरचं अक्षर न् अक्षर स्पष्ट झालं, अगदी तळातल्या 'उगाच चौकशी करू नये'सकट. मला रडूच आलं. "अहो, रडता काय, डोळे तपासून घ्या," ते म्हणाले, "आणि चष्मा द्या, मला दिसत नाहीये." आता मी शिकवते. मागच्या बाकावर कुणी डोळे बारीक केले, की उत्तर विचारण्याआधी मी माझा चष्मा काढून पुढे धरते.