आधी कोण बसलं

युनियन हा शब्द आम्ही दुबईकडच्या लेबर कॅम्पात उच्चारतही नव्हतो. तिथे युनियनला बंदी, आणि व्हिसा कंपनीच्या हातात. कंपनीने खलास म्हटलं की माणूस थेट विमानात. पण उम्म अल कुवैनच्या आमच्या कॅम्पात पाणी खारट यायचं, निम्म्या लोकांची पोटं बिघडलेली, आणि फोरमनला सांगून सांगून आमची तोंडं दुखली होती. शेवटी ठरलं, एका सकाळी साइटच्या बसमध्ये कोणीच चढायचं नाही. पुढारी कोणी नाही. विचारलं तर सगळ्यांनी एवढंच सांगायचं, पाणी द्या.

हे डोकं आमच्या खोलीतल्या काकांचं. रत्नागिरीकडचे सुतार, कॅम्पात सगळ्यांत वडीलधारे. मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलं होतं, ते पार पडेपर्यंत त्यांना व्हिसा टिकवायचा होता. म्हणून तर आम्ही त्यांना पार मागे उभं केलं होतं.

मॅनेजर आला. आरडाओरडा करेल असं वाटलं होतं, पण गडी गोडबोल्या निघाला. "लीडर कौन है तुम्हारा?" सगळ्यांचं एकच उत्तर, पाणी द्या. मग त्याने आम्हाला मेसमध्ये नेलं, चहा मागवला आणि बाकांकडे हात केला. "यल्ला, बैठो सब. आराम से बात करेंगे."

कोणीच बसेना. वडीलधारा माणूस उभा असताना आपण टेकायचं कसं? सगळ्यांनी सवयीनेच मागे वळून काकांकडे पाहिलं. काका अवघडले. पण आपल्यापायी सगळे ताटकळलेत म्हणून शेवटी बसले. मग आम्ही बसलो. मॅनेजर त्यांच्याकडे बघून हसला; लीडर कोण ते त्याला कळलं होतं.

गोड्या पाण्याचा टँकर त्याच आठवड्यात सुरू झाला. काकांचा व्हिसा त्याच्या आधीच कॅन्सल झाला होता. ते पाणी पिताना मला संताप यायचा, पण तहान लागली की प्यायचोच.

पुढे सुट्टीवर आलो तेव्हा त्यांच्या घरी गेलो. शिक्षण अर्धवट सोडून मुलगी काजूच्या कारखान्यात जात होती. काकांनी खुर्ची पुढे केली आणि मी पटकन बसलो. कॅम्पात आम्ही आता सगळे एकदमच बसायचो, कोणाकडे न बघता. काका अजून उभेच आहेत हे नंतर लक्षात आलं. उठायला गेलो, तर त्यांनी खांदा दाबून मला खाली बसवलं.

"बस रे," ते म्हणाले. "तेव्हाच तुम्ही सगळे असे बसला असतात, तर पोरगी नर्स झाली असती."