कांदेखाऊ

नदीपलीकडच्या जेने गावात आतिमे गिंदोने जन्मभर परदेशी पाहुण्यांना मातीची मोठी मशीद दाखवली. मग वाटा धोक्याच्या झाल्या आणि पाहुणे आटले. कित्येक वर्षांनी यंदा एक बाई आली, तेव्हा आतिमे ठेवणीतला निळा झगा घालून धक्क्यावर उभा राहिला.

तिला घेऊन आलेली होडी सिनाची होती. सिना मासेमार बोझो जमातीचा, आतिमे कांदे पिकवणाऱ्या दोगोन जमातीचा. या दोन जमातींनी भेटल्या भेटल्या एकमेकांना शिव्या घालायच्या आणि राग धरायचा नाही, ही पूर्वजांची शपथ.

"आलास का, कांदेखाऊ!" सिना ओरडला. बाईलाही गंमत कळावी म्हणून पुढचं फ्रेंचमध्ये म्हणाला, "पिशवी सांभाळा, बाई! याचा बापसुद्धा चोरच होता."

"आणि याचा बाप कच्चे मासे गिळायचा!" आतिमे खदखदून हसला.

बाईने पिशवी छातीशी धरली. दोघांनी परोपरीने समजावलं, पण ती त्याच होडीने परत गेली.

दुसऱ्या सकाळी आतिमे मुद्दाम धक्क्यावर गेला. सिनाने मान खाली घातली.

"बरे आहात ना, आतिमेदादा?"

"शिवी दे रे, मेल्या," आतिमे म्हणाला. "तेवढी तरी दे."

सिना होडीतलं पाणी उपसू लागला.