मग मारलं कुणी?

शाहूपुरीतल्या एका गूळ व्यापाऱ्याच्या खुनाबद्दल त्याच्याच हमालाला जन्मठेप झाली होती. आमच्या छोट्या दैनिकासाठी मी त्या निकालामागं लागलो होतो. त्या शिक्षेची सगळी भिस्त दुकानासमोरच्या चहावाल्याच्या साक्षीवर होती. मी त्याच्याकडं वरचेवर जाऊन बसायचो. एकदा तो आपणहून म्हणाला, "त्वांड कुठं बघितलं मी? पळणाऱ्याची पाठ बघितली. सगळी त्याचंच नाव घेत हुती, मीबी घेतलं."

मी ते छापलं. पुढं अपिलात ती साक्ष टिकली नाही आणि हमाल सुटला. ऑफिसात पेढे वाटले. मीही एक खाल्ला, पण आत काहीच हललं नाही.

दुसऱ्या दिवशी मंगळवार पेठेत त्या व्यापाऱ्याच्या बायकोकडं गेलो. ती मेथी निवडत बसली होती. बातमी तिला कळली होती.

"त्यो न्हवं म्हंता," ती म्हणाली. "मग ह्यांस्नी मारलं कुणी?"

"माहीत नाही, वहिनी."

"आता कोण शोधणार हाय का?"

तिनं मेथीची एक काडी मोडून बाजूला टाकली.

"इतकी वर्षं शिव्या घालायला एक नाव तरी हुतं. आता त्येबी न्हाय की."

ती रागानं बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं चहा टाकला, मी तो प्यायलो. मग महापालिकेत पाणीपुरवठ्याची पत्रकार परिषद होती. तिथं जाऊन बसलो आणि समोरचे जे सांगत होते ते लिहून घेत राहिलो.