टोपीवरची पाहुणी

पडदा वर जातो तेव्हा समुद्रकिनारा जवळजवळ रिकामा असतो. हिवाळ्याची सकाळ, ओहोटी, अंगाला झोंबणारा वारा. डावीकडे घडीच्या खुर्चीवर विणकाम करत बसलेली एक बाई. उजवीकडे वाळक्या गवताचा झुबका. झुबका शिंकतो, तेव्हा कळतं की हाच आपला नायक.

नायक म्हणजे मास्तर. शाळेतले नव्हेत, शिलाईचे. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना ‘हलू नका’ म्हणत त्यांनी मापं घेतली आणि दुकान लेकाच्या हाती सोपवल्यावर गळ्यातला टेप काढून तिथे दुर्बीण अडकवली. वहीत नव्याण्णव पक्षी झाले होते. पंचाईत ही की मेहुण्याचेही नव्याण्णवच होते. मेहुण्याचं चष्म्यांचं दुकान, त्याला लांबचं दिसायचं आणि ते तो गावभर सांगायचाही. त्या संध्याकाळी पक्षीमंडळाची हंगामातली शेवटची बैठक होती. आधी शंभरी गाठेल त्याचं नाव मंडळाच्या फळ्यावर रंगवलं जाणार होतं. नियम कडक होता: लिहिणाऱ्याने पक्षी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला हवा, आणि सोबत एक साक्षीदार हवा.

साक्षीदार म्हणून त्यांनी बायकोला आणलं होतं. तिने जन्मात टाक्यांखेरीज काही मोजलं नव्हतं. हवी होती ती ‘पाहुणी’. थंडीत उत्तरेकडून येणारं, माणसाची चाहूल लागताच पसार होणारं चिमणीएवढं पाखरू. तिला फसवायला मास्तरांनी आठवडाभर खपून टोपीवर वाळकं गवत, बियांच्या तुऱ्यांसकट, शिवलं होतं. शिलाई इतकी बेमालूम की टोपी कुठे संपते आणि किनारा कुठे सुरू होतो ते कळू नये.

दोन तासांनी बायकोच्या सुया थांबल्या.

“हलू नका,” ती म्हणाली.

टोपीवर काहीतरी टुणकन येऊन बसलं होतं आणि बिया टिपत होतं. मास्तरांनी डोळे इतके वर फिरवले की भुवया दुखायला लागल्या. ओठ न हलवता त्यांनी विचारलं, पोट कसं आहे? पांढरं, ती म्हणाली. पाठ? करडी, धुऊन विटलेल्या लोकरीसारखी. आणि बाहीवर?

“काळी पट्टी. कडेला पांढरा गोट.”

तीच ती. शंभरावी पाहुणी त्यांच्या टाळूवर न्याहारी करत होती. टोपी काढावी तर उडणार, न काढावी तर दिसणार नाही. मास्तरांनी दुर्बीण उलटी धरून काचेत तिचं प्रतिबिंब मिळतंय का ते पाहिलं. मिळालं ते स्वतःचं नाक. तेवढ्यात पाहुणीने पोट भरल्याची पोचपावती टोपीवर सोडली आणि पाठीमागच्या पाठीमागे भुर्रकन उडाली. मास्तर वळेपर्यंत आकाश मोकळं.

घरी जाताना बायको म्हणाली, मी पाहिली ना, मग तुम्हीही पाहिली म्हणा, माझ्या भावाला काय कळतंय. मास्तरांनी टोपी न पुसता जपून पिशवीत ठेवली. कपडे द्यायच्या तारखा त्यांनी हजारदा खोट्या सांगितल्या होत्या. माप मात्र एकदाही नाही.

बैठकीत मेहुण्याने मिशीवर ताव देत विचारलं, “काय दाजी, झाले का शंभर?”

मास्तर उठले. टोपी त्यांनी टेबलावर ठेवली, पोचपावतीची बाजू मेहुण्याकडे करून. मग एक कोरी वही शेजारी बसलेल्या बायकोपुढे सरकवली. पहिल्या पानावर आकडा घातला होता: एक.

“पाहुणी हिने पाहिली,” ते म्हणाले. “साक्षीला माझं टक्कल आहे.”