बाहेरच्या माणसाचे चार आणे

माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. आप्पांची नाव हिरवी होती असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. परवा हमीदभाई फोनवर म्हणाले, "सर, नाव काळी हुती. डांबर फासल्याली." तेव्हापासून बाकीच्या गोष्टींचीही धास्ती वाटते. पण वर्षानुवर्षं एकाच वाटेनं, त्याच माणसांबरोबर जा-ये केली की किस्से साठत जातात, नदीच्या वळणावर गाळ साठतो तसे. मुद्दाम कोणी आणून टाकत नाही.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. माझी बायको कृष्णाकाठच्या एका गावात शिक्षिका होती आणि माझं कॉलेज नदीपलीकडं. गावात भाड्यानं घर घेतलं होतं. पूल नव्हता, रस्त्यानं जायचं तर लांबचा वळसा, म्हणून सगळे नावेनं जायचे. आमचा सकाळचा कंपू चौघांचा. पलीकडं शिलाईचं दुकान असलेले हमीदभाई. गावचीच लेक आणि सरकारी दवाखान्यात नर्स असलेल्या सुशीलाबाई. सैन्यातून हवालदार होऊन परतलेले आणि आता बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसणारे बाबूराव. आणि गणिताचा प्राध्यापक मी. नाव आप्पांची.

आप्पांचा नियम वडिलांपासून चालत आलेला. गावकऱ्यांकडून रोजचे पैसे घ्यायचे नाहीत. सुगीला घरटी ज्वारी यायची, ते वर्षाचं भाडं. हमीदभाई दिवाळीला आप्पांची बंडी शिवून द्यायचे, तेही चालायचं. बाहेरच्या माणसानं मात्र प्रत्येक खेपेला चार आणे द्यायचे.

पहिल्या दिवशी आप्पांनी विचारलं, "पावनं कुठलं?"

मी म्हणालो, "आता इथलाच."

"हितल्याला सांगावं लागत न्हाई," असं म्हणून त्यांनी हात पुढं केला.

चार आण्यांचं काही नव्हतं हो. पण नाव माणसांनी भरलेली असायची आणि हात फक्त माझ्यापुढं यायचा. वर्षं गेली, आमची दोन्ही मुलं त्या गावात जन्मली, तरी हात यायचाच. पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला वाटली नव्हती इतकी धाकधूक मला त्या हातासमोर वाटायची. आज तरी सोडतील का? गाव मला कधी आपला म्हणणार?

*

एका सुगीला मी धीर केला. बाजारातून ज्वारीचं पोतं घेतलं आणि बाबूरावांच्या बैलगाडीतून आप्पांच्या दारात उतरवलं. आप्पांनी मूठभर दाणे तळहातावर घेऊन बघितले.

"ज्वारी झ्याक हाय. कुठल्या रानातली?"

"बाजारातली."

"मग बाजार आला नावंत बसाया, तर त्याला फुकाट नीन. तुमचं चार आणं ऱ्हाऊ द्या तसंच."

पोतं परत आलं. पुढं किती तरी दिवस आमच्याकडं त्याच्याच भाकरी होत्या. बायको वाढताना म्हणायची, "घ्या, मानाची ज्वारी आहे."

*

उन्हाळ्यात नदी गुडघ्याएवढी व्हायची. माणसं बसली की नाव वाळूत रुतायची. मग आम्ही चपला हातात घेऊन चालत निघायचो आणि आप्पा रिकामी नाव ओढत शेजारून चालायचे. पलीकडं पोचलं की हात पुढं.

"आप्पा, मी चालत आलो."

"मग मी काय उडत आलो व्हय? तुमच्यासंगंच आलोय न्हवं?"

मी हमीदभाईंकडं बघितलं. ते विजारीचे पाय पिळण्यात गढून गेले होते. बाबूराव म्हणाले, "द्या सर. आर्मीत ह्याला एस्कॉर्ट म्हणत्यात."

*

एका पावसाळ्यात कोयनेचं पाणी सोडलं आणि नदी शिवारात शिरली. मळ्यातल्या वस्तीवर एक बाई बाळंतपणाला अडली होती, सुशीलाबाईंना जायलाच हवं होतं. मधल्या ओढ्यापाशी झाडोरा दाट, तिथून नाव जाईना. आप्पांनी गूळ करायची मोठी लोखंडी काहील पाण्यात सोडली. आमच्याकडं पुरात ही पद्धतच आहे. एका बाजूला सुशीलाबाई बसल्या. समोर तोलाला माणूस हवा होता. आप्पांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "सर, तुमी बसा. अंगानं बराबर हायसा."

मी बसलो. आप्पा आणि बाबूराव छातीएवढ्या पाण्यातून काहील ढकलायला लागले आणि ती गिरक्या घ्यायला लागली.

"सर, पान्याकडं बघू नका," बाबूराव म्हणाले.

"मग कुठं बघू?"

"माज्या पिशवीकडं बघा," सुशीलाबाई म्हणाल्या. "आणि एक सांगते, त्या बाईच्या आधी तुमी वरडू नका."

मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. परत आलो तेव्हा आप्पांचा हात काही पुढं आला नाही. मी घरी धावत जाऊन बायकोला सांगितलं, "आज घेतले नाहीत."

ती भिजलेले कपडे झटकत म्हणाली, "पुरात ते कुणाकडूनच घेत नाहीत."

*

पुलासाठी अर्ज करायचं ठरलं. मजकूर मी लिहिला. आप्पांना कसं सांगावं या विचारात आम्ही देवळात बसलो होतो, तर आप्पा स्वतःच आले. "पयली सई माझी."

हमीदभाई म्हणाले, "आवं आप्पा, पूल झाल्यावर तुमी काय करनार?"

"लेक दिलीया पलीकडं. पूर आला की तिच्या घरचा धूर बघत बसतो हितनं. धूर दिसला की म्हनायचं, बरं हाय. हुंद्या पूल."

हमीदभाईंनी पेनचं टोपण काढून पेन त्यांच्या हातात दिलं.

*

पूल झाला आणि पुलाबरोबर टोलनाकाही आला. नदी ओलांडायचा कर आता सगळ्यांनाच. मनातून मला थोडं बरं वाटलं. पण गावानं नाक्यावाल्यांशी भांडून ठरवून टाकलं, लोकल गाडी सोडायची. बाबूरावांनी जुनी जीप घेतली होती, तिच्यातून आम्ही चौघं निघालो. नाक्यावर बाबूराव एकच शब्द बोलले, "लोकल."

तिथल्या माणसानं आत डोकावलं. बाकीच्यांवरून फिरत त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली. "हे सायेब लोकल वाटत न्हाईत."

"ते लय जुनं लोकल हाईत," हमीदभाई म्हणाले. "फकस्त शर्ट खोचत्यात."

मागं हॉर्न वाजायला लागले. माझा पहिला तास बुडाला. दुसऱ्या दिवशी मी शर्ट बाहेर काढून, केस जरा विस्कटून जीपमध्ये बसलो. सुशीलाबाईंनी मला नीट न्याहाळलं. "आता सर पेशंट दिसाय लागलं. बाबूराव, ॲम्ब्युलन्स म्हनून सुटतोय बघा आपन."

*

तो नाका पुढं बंद झाला. आता हायवेवर फास्टॅग आहे. गेल्या वर्षी हमीदभाईंच्या मुलाच्या गाडीतून आम्ही तिघं म्हातारे साताऱ्याला, माझ्या आताच्या घरी, येत होतो. सुशीलाबाई आता पुण्याला लेकाकडं असतात. नाक्यावर गाडी हळू झाली तशी बाबूरावांनी काच खाली केली, मान बाहेर काढली आणि त्या कॅमेऱ्याच्या खांबाला ठणकावून सांगितलं, "लोकल."

दांडा वर गेला. मुलाच्या मोबाइलवर पैसे कापल्याचा मेसेज आला.

बाबूरावांनी काच वर केली. मग म्हणाले, "आता भांडायचं तरी कुनाशी रं?"

"उतरा गड्या आन् खांबाशी भांडा," हमीदभाई म्हणाले. "आमी फुडं च्या घेतो तवर."

*

आता जरा मागं, पूल सुरू झाला त्या दिवसाकडं जातो. हा किस्सा मी फारसा कुणाला सांगितलेला नाही.

नावेचा तो शेवटचा दिवस होता. सगळं गाव पुलावर गेलं होतं, पेढे वाटणं चाललं होतं. मी सवयीनं घाटावर उतरलो. आप्पा एकटेच बसले होते.

"पूल बघाया न्हाई गेलासा?"

"उद्यापासून रोजच बघायचाय."

ते हसले आणि बांबू उचलला. नावेत आम्ही दोघंच. वरून ताशांचा आवाज येत होता. मधोमध आल्यावर आप्पांनी एकदा पुलाकडं बघितलं, एकदा लेकीच्या घराच्या दिशेला. पलीकडं लागलो. नाणं मी नेहमीप्रमाणे मुठीत तयार ठेवलं होतं. आप्पांनी नाव दोन्ही हातांनी धरून ठेवली, मला उतरता यावं म्हणून.

"आप्पा, चार आणे."

"चला. तुमचा तास चुकंल."

मी घाट चढलो. विचारायचा धीर झाला नाही. पुढं वाटलं, शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांनाच सोडलं असणार. एकाच उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये, हे तर मी वर्गात शिकवायचो. आणि आता आप्पाही राहिले नाहीत.

परवा रहिमतपूरला हमीदभाईंच्या नातीचं लग्न झालं. जेवताना शेजारी त्यांचे मेहुणे बसले होते, रहिमतपूरचेच, कापडाचे जुने व्यापारी. बोलता बोलता म्हणाले, पूल सुरू झाला त्या दिवशी मीही तिथं होतो. पुलावर गर्दी, म्हणून संध्याकाळी नावेनं पलीकडं गेलो. मी घास खाली ठेवला. त्याच दिवशी का, असं दोनदा विचारून घेतलं. त्याच दिवशी. नावेची ती शेवटची खेप होती, असंही ते म्हणाले.

"मग तुम्हालाही आप्पांनी फुकटच सोडलं असेल," मी म्हणालो.

"फुकाट?" ते म्हणाले. "माझं घेतलं, वर बोचक्याचंबी घेतलं."